टिटवीची चोच

जुनी गोष्ट आहे हं, इतकी जुनी, की तेव्हा पक्षी बोलायचे आणि माणसंही त्यांना उत्तर द्यायची.

खाडीकाठी एक सुतार होड्या बांधायचा. त्याची एक टिटवी होती. काम चालू असलेल्या होडीवर ती तुरुतुरु चालायची आणि काही चुकलेलं दिसलं की ओरडायची. फळीला कुसळ राहिलं, ओरड. खिळा तिरका बसला, ओरड. फटीत काथ्या कमी पडला, ओरड.

"कळलं गं, नंतर बघतो," सुतार म्हणायचा. बघायचा मात्र नाही. ओरडा वाढत गेला.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सुतारभाऊ, टिटवी पाळलीय की सासू?"

त्यात लेकीचं लग्न ठरलं. नवी होडी तिला पैलतीरी सासरी नेणार होती. घाई उडाली, आणि टिटवी तर थांबेचना.

सुतार वैतागला. "अगं, कुसळ आणि भोक, दोन्हीला एकच आवाज? मी ओळखू कसं?"

"मला एवढाच आवाज आहे रे. निवडायचं काम तुझं."

सुतारानं सुतळी घेतली आणि तिची चोच बांधून टाकली.

बायको म्हणाली, "अहो, पोरगी बसणार आहे त्यात."

"म्हणून तर लवकर संपवतोय!"

काम भराभर उरकलं. पण सुताराला घास उतरेना. टिटवी चूक नाही म्हणून शांत आहे, की चोच बांधली म्हणून? सांगणार कोण?

होडी निघाली. टिटवी मागून उडत आली, नवरीच्या पायाशी उतरली आणि एकाच फळीवर पंख आपटू लागली. सुतार ताडकन उठला.

"मागे! होडी मागे फिरवा!"

"बाबा, पाणी!" लेक किंचाळली. शालू गुडघ्यापर्यंत भिजला. कसाबसा काठ लागला, माणसं उतरली, आणि होडी बुडाली.

सुतारानं टिटवीच्या चोचीची सुतळी सोडली.

दुसरी होडी बांधताना टिटवी ओरडली की तो तिथल्या तिथे उठायचा. चूक असली तर निस्तरायचा. नसली तर फळीवरून हात फिरवून सांगायचा, "लाकडातली ही गाठ मी पाहिली, पक्की आहे." मग टिटवी त्या गाठीवर पुन्हा ओरडत नसे.

लेक सासरी गेली तेव्हा टिटवी होडीतच बसली होती. चोच मोकळी, तरी गप्प. सुतार त्या दिवशी पोटभर जेवला.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, कटकट थांबवायची तर चूक निस्तरावी, चोच बांधू नये.