झुपक्याची शेपटी आणि दादाची टोपी

"आई, दादा कुठं गेला?"

झुपक्या खारीचं पिल्लू होतं. त्याने आईला विचारलं. आईने नुसतं त्याचं डोकं चाटलं. त्याने वाऱ्याला विचारलं. वारा पुढं निघून गेला.

दादा गेला, पण दादाची टोपी राहिली. सशाच्या मऊ केसांची, रुंद काठाची, जाड, उबदार टोपी. कुणा घोडेस्वाराच्या डोक्यावरून उडाली होती. दादाने ती ओढत ओढत बाजाराच्या भिंतीवर आणली. आता तिच्यात तीन चिमुकल्या बहिणी झोपत.

दादा म्हणायचा, "टोपी उताणी ठेवायची. काठ वर! काठावर कधी ठेवायची नाही हं!"

एके दिवशी आई दाणे आणायला लांब गेली. झुपक्याने बहिणींना पानावर काढलं. टोपी उलटी केली, गवत झाडलं, आणि तशीच ठेवून दिली! ओल्या भिंतीवर, काठावर! आणि गेला खेळायला, तुरुक तुरुक.

परत आला. टोपी पुन्हा उताणी केली. बहिणी आत ठेवल्या.

अरे देवा! काठ लोंबला, लत्तक् लत्तक्. टोपी कलली. बहिणी घसरल्या, सुर्रर्र. आणि खाली? खाली बसलं होतं मांजर. मिशा चाटत.

झुपक्या पळाला, तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

टोप्या दुरुस्त करणारे अमीनचाचा दुकानात बसले होते.

"चाचा, चाचा, काठ उचला! काठ लोंबला, टोपी कलली. पिल्लं घसरतात, मांजर बघतं!"

"असा कसा उचलू, बेटा? असाच दाबला तर मोडेल. वाफ आण, मग उचलतो."

मांजर एक पाऊल पुढं आलं.

झुपक्या पळाला, तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

चहावाल्या हौसामावशी किटली पुसत होत्या.

"मावशी, मावशी, वाफ द्या! वाफेवाचून चाचा काठ उचलेनात. काठ लोंबला, टोपी कलली. पिल्लं घसरतात, मांजर बघतं!"

"अरे घाईगडबड्या, चूल विझलीय माझी! सुकी काटकी आण, मग देते."

मांजर दोन पावलं पुढं आलं.

झुपक्या पळाला, तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

चौकात उभी होती चिंच.

"चिंचबाई, चिंचबाई, काटकी दे! काटकीवाचून मावशी वाफ देईनात. वाफेवाचून चाचा काठ उचलेनात. काठ लोंबला, टोपी कलली. पिल्लं घसरतात, मांजर बघतं!"

"काटकी? नाही देणार जा! ती बघ गाय. अंग घासते नि माझी साल सोलते. तिला थांबव, मग देते."

मांजराने भिंतीवर एक पंजा ठेवला.

झुपक्या गाईपुढं गेला.

"गाईबाई, गाईबाई, घासू नको! घासणं थांबल्यावाचून चिंच काटकी देईना. काटकीवाचून मावशी वाफ देईनात. वाफेवाचून चाचा काठ उचलेनात. काठ लोंबला, टोपी कलली. पिल्लं घसरतात, मांजर बघतं!"

"मला गोचीड चावते रे! साळुंकीला सांग, टिपून काढ म्हणावं. मग थांबते."

मांजराने दुसरा पंजा ठेवला.

झुपक्या पळाला, तुरुक तुरुक, तुरुक तुरुक. धाप लागली, हाश हुश.

"साळुंके, साळुंके, गोचीड टीप! गोचीड टिपल्यावाचून गाय थांबेना. घासणं थांबल्यावाचून चिंच काटकी देईना. काटकीवाचून मावशी वाफ देईनात. वाफेवाचून चाचा काठ उचलेनात. काठ लोंबला, टोपी कलली. पिल्लं घसरतात, मांजर बघतं!"

साळुंकी म्हणाली, "फुकट? वा रे वा, झुबकेदार! माझ्या घरट्यात मऊ गादी हवी. काय देतोस?"

झुपक्याजवळ दाणा नव्हता. पान नव्हतं. होती फक्त शेपटी. मोठी, गुबगुबीत. दादा म्हणायचा, "तुझी शेपटी माझ्याहून छान!"

झुपक्याने विचारच केला नाही. मागं वळला. शेपटी दातांत धरली.

कट्! कट्! कट्!

"हे घे. पण लवकर!"

साळुंकी उडाली, भुर्रर्र. गोचीड टिपली, टिप् टिप्.
गाय थांबली.
चिंचेने काटकी टाकली, खट्ट!
मावशींनी चूल पेटवली, फू फू. किटली बोलली, फुस्सस्स!
"चला चाचा!" मावशी किटली घेऊन धावल्या. चाचाही धावले.

मांजर भिंतीवर चढलं. धाकटी बहीण काठावर लटकली. एक पाय सुटला. दुसरा सुटला...

झप्प!

चाचांनी तिला अलगद झेललं.

"हुड्!" मावशी ओरडल्या. मांजर शेपूट फुगवून पळालं.

चाचांनी तिघींना रुमालात गुंडाळलं. काठ वाफेवर धरला. गोल, गोल, हळू, हळू बोटांनी वर वळवला. गार होईपर्यंत सावलीत धरून ठेवला. काठ उभा राहिला, अगदी भिंतीसारखा.

"आता कशी ठेवायची रे?"

"उताणी!" झुपक्या म्हणाला. "काठ वर!"

"शाब्बास बेटा!"

ऊन उतरलं. आई तोंडात दाणे घेऊन भिंतीच्या टोकाशी दिसली. बहिणी टोपीत शिरल्या. धाकटीने विचारलं,

"झुपूदादा, दादा कुठं गेला?"

झुपक्या म्हणाला, "मला नाही माहीत गं. पण मी आहे."

तो काठ ओलांडून आत गेला. दादा निजायचा त्या कडेला निजला. आणि आपली थोटकी शेपटी, उरली होती तेवढी, तिघींवर पांघरली.