चिमाचं पठार

हा कड्यावरचा सपाट माळ दिसतो ना, त्याला चिमाचं पठार म्हणतात. वर जायला ही एवढी एकच वाट. आमच्या डांगी गाई पावसाळाभर तिथंच चरतात. त्यांचं अंगच तेलकट, कितीही पाऊस कोसळू द्या, खुशाल उभ्या राहतात. पण एकदा ही जात इथून संपायलाच आली होती, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. बुळकांडीचा रोग आला. जनावराच्या तोंडाला फोड यायचे, हगवण लागायची, आणि चार दिवसांत ते आडवं व्हायचं. महिन्याभरात पाड्यावरचे गोठे ओस पडले. मेलेली ओढून न्यायला माणसं पुरेनात. उरली ती चिमाबाईची एक गाभण गाय आणि एक गोऱ्हा. ती दोन गेली असती तर ना नांगर, ना दूध. पाडाच उठला असता.

पाड्याचे म्हातारे दुंदाबाबा म्हणाले, "चिमे, दोघांना वर ने. रोग माणसाच्या पायानं फिरतोय. आमच्यातलं कुणी वर येणार नाही, अन् तूही उतरू नको. सरला की ढोल वाजवू."

तिनं डोंगरदेवाची आण घेतली, नाचणीचं पीठ बांधलं आणि नवरा कुशाबा अन् बारा वर्षांची लेक पारू यांना खाली ठेवून निघाली.

थोड्याच दिवसांत कुशाबाला ताप भरला. पारू कड्याखाली येऊन हाका मारू लागली, "आये, बा तुला बघायचं म्हणतो. एकदाच ये."

चिमा कड्याच्या टोकाशी आली, म्हणे. लेक तिला दिसत होती. दोनदा वाटेला लागली, दोनदा माघारी फिरली. ओ मात्र दिली नाही. तोंडातून शब्द निघाला तर आपले पाय थांबायचे नाहीत, हे तिला कळत होतं. दोन दिवस पारू हाका मारत राहिली. तिसऱ्या दिवशी हाक आली नाही. ओढ्याकाठी चिता पेटलेली चिमानं वरूनच पाहिली.

ढोल वाजला तेव्हा गाय, गोऱ्हा आणि नवी कालवड घेऊन ती उतरली. सगळा पाडा तिच्या पाया पडला. पारू दारातून उठली नाही.

"माझी हाक ऐकू नव्हती आली?"

"आली होती," चिमा म्हणाली.

त्यानंतर माय-लेकी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत, असं सांगतात. कळप मात्र वाढत गेला.

आजही या कड्याखालून वर कुणी कुणाला हाक मारत नाही. निरोप असला तर माणूस चढून जातो. वाईट असला तर नक्कीच.