पुसलेला कॅरम

इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत मगदूमसाहेबांचा शब्द शेवटचा. कॅरममध्ये तर त्यांना हरवायची कुणाची टाप नव्हती.

गिरणीतली बेअरिंगं सारखी तापून जळत होती. म्हणून प्रयोगशाळेतल्या नसीमा मुजावर यांनी वंगणाच्या तेलात मिसळायला एक भुकटी आणली. तिचे कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने मावावेत.

"मुजावरबाई, तेलात कचरा?" साहेब गरजले. "तीस वर्षं मी मशीनवरची धूळ पुसून घेतोय. गुळगुळीत हवं तिथं भुकटी घालत नसतात. फेकून द्या ती!"

"बरं, साहेब," एवढंच बाई म्हणाल्या.

दुपारच्या सुट्टीत साहेब नेहमीप्रमाणे कॅरमला बसले. भोवती कामगार जमले. राणी भोकाच्या तोंडाशीच होती. साहेबांनी ऐटीत स्ट्रायकर मारला आणि तो अर्ध्या वाटेतच थांबला.

"बोर्डावरची पावडर कुठे गेली?" साहेब ओरडले.

"मीच पुसली, साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "गुळगुळीत हवं तिथं भुकटी घालत नसतात ना?"

हसायची कुणाची हिंमत झाली नाही. साहेबांनी पावडरचा डबा उघडला, बोर्डावर चिमूटभर शिंपडली आणि मान वर न करता म्हणाले,

"तीन नंबरच्या मशीनला घालून बघा. पण माझ्या कॅरमला पुन्हा हात लावायचा नाही."