पाखऱ्याचा पाय

फार पूर्वी माळावरची जनावरं दरवर्षी शर्यत भरवत, तेव्हाची ही गोष्ट. पाखऱ्या नावाचा घोडा सगळ्यांचाच लाडका होता, पण सशाचा त्याच्यावर फार जीव. एका वर्षी मात्र पाखऱ्या सगळ्यांच्या मागे राहिला.

पाणवठ्यावर त्याचीच चर्चा सुरू झाली.

"दम संपला त्याचा," रेडा म्हणाला.

"दम नाही हो, पाय बिघडलाय. लंगडत होता," शेळी म्हणाली.

ससा उसळला. "माझ्या पाखऱ्याला काही झालेलं नाही! उद्या पुन्हा पळवा, म्हणजे कळेल." तो इतका भांडला, की अखेर सगळे कबूल झाले.

ससा धावतच ही बातमी सांगायला गेला. पाखऱ्या पुढचा पाय उचलून धरून उभा होता.

"सशा, पाय फार ठणकतोय रे. उद्या नको."

"असं कसं? तुझ्यासाठी मी सगळ्यांशी वैर पत्करलं. आता मला तोंडघशी पाडतोस?"

पाखऱ्यानं उचललेला पाय जपून जमिनीवर टेकवला. मग म्हणाला, "बरं. पळतो."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेतच त्याचा पाय मोडला आणि तो कोसळला. जनावरं भोवती जमली, दम की पाय यावर पुन्हा वाद घालू लागली. ससा मात्र पाखऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसला.

पाखऱ्या कण्हत हळूच म्हणाला, "त्यांना सांग, ठेच लागून पडलो. नाहीतर सगळे तुला बोल लावतील."