भागोजीने मासे पाळले

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा नवरा होता. भागोजी त्याचं नाव. कुणी काही सांगितलं की शब्दशः ऐकायचा, एवढीच त्याची खोड. तिला कंटाळून बायको सुगंधा खाडीपलीकडे माहेरी निघून गेली. तिच्यावाचून भागोजीला घास गोड लागेना.

सासऱ्यांना भारी नाद. काचेच्या पेटीत ते समुद्रातले रंगीत मासे पाळत. त्यांनी जावयाला घरी एक पेटी आणि दोन केशरी मासे आणून दिले. "जावईबापू, हे महिनाभर जगवा. मग मुलगी पाठवतो."

भागोजीने पेटीत विहिरीचं पाणी भरलं आणि मासे सोडले. मासे आडवे झाले. सासरे अजून अंगणातच होते, म्हणून वाचले बिचारे.

"अहो, समुद्रातून आलेल्याला खारंच पाणी लागतं!"

"बरं," भागोजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा गंगाराम मासेमारी करून परतला. घशाला कोरड पडलेली. "भागोजी, पाणी दे रे."

हा समुद्रातून आलेला. भागोजीने खाऱ्या पाण्याचा तांब्या पुढे केला. गंगाराम घटाघटा प्याला आणि पोट धरून खाली बसला.

"मेल्या, आधी विचारायचं, मग द्यायचं!"

"बरं."

मग तीन दिवस भागोजी पेटीपुढे बसून विचारत होता, "वाढू का?" मासे तोंड उघडायचे, मिटायचे. हो काही म्हणेनात. चौथ्या दिवशी सासरे आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, तोंड उघडलं की खाणं टाकायचं! विचारता काय?"

"बरं."

त्याच दुपारी सासऱ्यांची थोरली बहीण, आत्याबाई, भाचजावयाची खुशाली विचारायला आल्या. बोलता बोलता त्यांना जांभई आली. भागोजीने चिमूटभर सुकट आत टाकली. त्या दिवशी एकादशी होती.

आत्याबाईंनी काय काय ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण महिना सरला आणि मासे टुणटुणीत होते. सासरे खूश होऊन तिसरा मासा पिशवीत घालून घेऊन आले.

"नवीन आलेल्याला एकदम आत घ्यायचं नाही, जावईबापू. बावरतं ते. पाण्यावर तरंगत ठेवायचं. दर पाच मिनिटांनी, असं पाच वेळा, इथलं थोडं पाणी आत ओतायचं. सवय झाली की मगच घरात."

भागोजीने सगळं अगदी तस्सं केलं. काहीसुद्धा चुकलं नाही! सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याच सुगंधाला घेऊन येतो."

सकाळी होडी काठाला लागली. सुगंधा नवं लुगडं नेसून आली होती, गालात हसत होती. तिला बघून भागोजीला रडूच फुटलं. ती उतरायला उठली.

"थांब! उतरू नकोस!"

तो विहिरीवर धावला आणि कळशी आणून होडीत ओतली. पाच मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. सुगंधाचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

"जावईबापू, हे काय चाललंय?" सासरे ओरडले.

"सवय करतोय तिला, मामा."

 सुगंधाने बापाच्या हातातलं वल्हं घेतलं आणि होडी वळवली. भागोजी कळशी डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यात शिरला.

"मामा, परत नेऊ नका हो! दोनच कळश्या राहिल्यात!"