ओल्या पोटाची कोंबडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा पाखरांचं बोलणं माणसाला कळत असे. ऐकायची तयारी मात्र लागे. लहान असा वा मोठे, ऐकताना मध्ये बोलू नका.

एका तळ्याकाठी एक गाव होतं. गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. तिच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि त्यांत एक भुरी होती. रंगानं मातकट, अंगानं लहान, बोलणं कमी. बाजारात मांडली असती तर कुणी तिला हात लावून पाहिलं नसतं. पण ती अंड्यावर बसली की बसली. कुत्रं भुंकलं, अंगावर पाचोळा उडून आला, मांजर वास घेऊन गेलं, तरी भुरी हलत नसे.

एका उन्हाळ्यात भुरी खुडूक झाली, अंडी उबवायची तिची वेळ आली. ठकूबाईनं बांबूच्या पाटीत भाताचं तूस पसरलं, अंडी मांडली आणि भुरीला वर बसवलं. त्याच दिवशी तळ्याकाठच्या लव्हाळ्यात तिला बदकाचं एक अंडं सापडलं होतं. मोठं, हिरवट. आसपास बदक काही दिसलं नाही. "इतक्यांत आणखी एक," असं म्हणून तिनं तेही भुरीच्या पोटाखाली सरकवलं.

इथेच ती चुकली. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर उशिरा फुटतं. जाणती बाई बदकाचं अंडं आधी बसवते आणि कोंबडीची अंडी मागाहून ठेवते, म्हणजे पिल्लं एकदम निघतात. ठकूबाईनं सगळी अंडी एकदमच बसवली.

व्हायचं तेच झालं. कोंबडीची पिल्लं निघाली, वाळली, चिवचिवत पाटीच्या काठावर चढली. मोठं अंडं तसंच पडून राहिलं.

ठकूबाईनं ते उचललं आणि कानाशी धरून हलवायला लागली. भुरीनं तिच्या मनगटाला चोच मारली.

"ठेव खाली."

"अगं, नासलंय ते. टाकून देते."

"हलवू नकोस. आत कुणीतरी आहे."

"तुला गं काय ठाऊक?"

"बसवल्यापासून माझ्या पोटाखाली आहे ते. तुझ्या कानाशी आत्ता आलं."

ठकूबाईला हसू आलं. मनगट चोळत तिनं अंडं परत ठेवलं. "बस बाई, बस. पण तुझ्या या लेकरांना चरायला कोण नेणार?"

खरी अडचण तीच होती. त्या अंगणात एक रीत होती. पिल्लं निघाली की आईनं पाटी सोडायची, पिल्लांना घेऊन उकिरड्यावर जायचं, माती उकरून किडा-दाणा दाखवायचा. मागे राहिलेल्या अंड्याकडे वळून बघायचं नाही. ते मुंगसाच्या वाटणीचं. अंगणातला कोंबडा या रिती सांभाळायचा.

तो पाटीसमोर येऊन उभा राहिला. "भुरे, ऊठ. रीत म्हणजे रीत."

"उठते. हे निघालं की."

"आणि नाही निघालं तर?"

भुरीनं पिसं फुगवली आणि अंड्यावर नीट बसली.

तिनं ठकूबाईला सांगून पाटी वळचणीखाली, जमिनीवर ठेवून घेतली. पिल्लं पाटीभोवतीच उकरायला शिकली. ती बसल्या जागेवरून त्यांना हाक मारी, दाणा दिसला की मानेनं दाखवी, घारीची सावली अंगणावरून सरकली की साद देऊन सगळ्यांना पंखाखाली ओढून घेई. स्वतः मात्र सकाळी एकदाच उठायची. घोटभर पाणी, चोचभर कण्या, की परत जागेवर. तिचा तुरा फिका पडला. छातीचं हाड वर आलं.

शेजारच्या घरची काळी कोंबडी रोज कुंपणातून यायची. तिला जीभ फार.

"भुरे, दगड उबवतेस काय गं? फुटला तर आम्हालाही बोलाव हो बघायला. आतून पाटा-वरवंटा निघेल."

बाकीच्या कोंबड्या हसायच्या. भुरी पिल्लांना दाणे दाखवत राहायची.

मग एका सकाळी अंड्याला आतून टोच पडली. टरफलाचा एक लहानसा टवका उडाला आणि आतून बारीक आवाज आला. भुरीनं त्याला हळू आवाजात साद दिली. आतून उत्तर आलं. तिला वाटलं, आता घटकाभराचं काम.

सूर्य वर चढला, तरी भोक तेवढंच राहिलं. त्या दिवसांत वारा कोरडा होता. अंड्याच्या आतला पापुद्रा भोकाशी सुकून चामड्यासारखा झाला आणि पिल्लाच्या अंगाला चिकटला. पिल्लाला वळता येईना. आवाज हळूहळू बारीक होत गेला.

भुरीला धीर धरवेना. तिनं चोचीनं टरफल उचकटायला सुरुवात केली. एक टवका निघाला, दुसरा निघाला, आणि तिसऱ्याबरोबर रक्ताचा एक धागा पापुद्र्यावर उतरला. भुरी जागच्या जागी थिजली. आजवर तिला अशी भीती वाटली नव्हती.

ठकूबाई रानात मोळीला गेली होती. विचारायचं कुणाला?

तळ्यावर एक म्हातारी बदकीण होती. पिल्लाचा आवाज ऐकून ती डुलत डुलत अंगणात आली. तिनं अंड्यावर मान वाकवून पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, चोच लावू नकोस. आतलं रक्त अजून त्याच्या अंगात जिरायचंय. ओढून काढलंस तर मरेल."

"मग निघत का नाही ते?"

"ओल नाही म्हणून. आमच्यातली आई तळ्यात डुंबून येते आणि ओल्या पोटानं अंड्यावर बसते. पापुद्रा मऊ राहतो. तू बसलीस तशी मीही बसले नसते, पण तुझं पोट कोरडं आहे."

काळी कुंपणातून बघत होती. ती म्हणाली, "एवढं कळतं तर मावशी, तुम्हीच बसा की."

"मी जड आहे. चीर गेलेलं अंडं माझ्याखाली चेपेल. नुसतं पाणी शिंपडलं तर ते गारठेल. ओल हवी आणि ऊबही हवी, एकाच वेळी." बदकिणीनं भुरीकडे पाहिलं. "हलकं अंग लागतं. आणि त्याच्या ओळखीची साद लागते."

भुरीला समजलं. ती पाटीतून उठली.

आता नीट लक्ष द्या. कोंबडीला पाण्याचं भय किती असतं, ते कोंबड्या पाळणाऱ्यालाच माहीत. चार थेंब पडले तरी ती गाडीखाली पळते. पाणी तिच्या पिसांत शिरतं, अंग जड होतं आणि ती बुडते. भुरी काही वेगळ्या मातीची नव्हती. तिलाही भय होतंच.

तिनं पिल्लांकडे पाहिलं आणि मग काळीकडे.

काळीनं मान उडवली. "माझ्याकडे काय बघतेस? जा. पण बुडून मेलीस तर ही कार्टी मी सांभाळणार नाही, आत्ताच सांगते." असं म्हणत ती कुंपणातून आत आली आणि पंख पसरून बसली. पिल्लं तिच्याखाली शिरली. अंड्याच्या बाजूनं तिनं तूस ओढून घेतलं, वारा लागू नये म्हणून.

भुरी तळ्याशी गेली. काठाला चिखल होता. तिचा पाय घसरला. ती फडफडली, परत उभी राहिली. बदकीण पाण्यात शिरून तिच्या खोल बाजूला थांबली. "माझ्या अंगाला टेकून ये."

भुरी पाण्यात उतरली. पाय बुडाले. मांड्या बुडाल्या. थंड पाणी पोटाच्या पिसांत शिरलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटला, पण पाऊल मागे गेलं नाही. पोट पुरतं भिजेपर्यंत ती उभी राहिली. मग वळली, निथळत निथळत अंगणात आली आणि अंड्यावर बसली.

काठावरच्या बगळ्यांनी हे पाहिलं. कोंबड्यानंही पाहिलं. हसलं कुणी नाही.

पोट सुकलं की भुरी उठायची, तळ्यात जायची, भिजून यायची. तिचं अंग कापत होतं. पण कापऱ्या अंगालाही ऊब असते. उन्हं कलली तशी अंड्यातून पुन्हा हाक आली, आधीपेक्षा मोठी. पापुद्रा सुटला होता. पिल्लू आतल्या आत वळलं, टरफलाला गोल चीर पाडत गेलं, आणि शेवटी त्यानं डोक्यानं रेटा दिला. वरचं टरफल टोपीसारखं निघून पडलं.

पिल्लू बाहेर आलं आणि आडवं पडलं. नुसती मान आणि भिजलेली लव. पाय दोन्हीकडे फाकलेले. उठायला गेलं की पोटावर आपटायचं. मग त्यानं प्रयत्नही सोडला.

कोंबडा पुढे आला. या वेळी त्याचा आवाज नरम होता. "भुरे, तू केलंस ते कुणी करणार नाही. पण जे पायावर उभं राहत नाही, त्याला दाणा घालायचा नाही, हीसुद्धा रीत आहे. आता तरी ऊठ. तुझी बाकीची पिल्लं उपाशी आहेत."

"त्यांना काळीनं आज उकिरडा दाखवला," भुरी म्हणाली. "याला अजून कुणी काही दाखवलं नाही."

ठकूबाई मोळी घेऊन आली तेव्हा तिला भिजलेली कोंबडी दिसली आणि तिच्या पंखाखालून बाहेर आलेली एक चपटी चोच.

"अगं बाई, हिला कुणी भिजवली?"

"तिची तीच भिजली," काळी म्हणाली. "तुम्ही अंडी एकदम बसवलीत, म्हणून."

ठकूबाईनं डोक्यावरची मोळी खाली टाकली. ऐकून घेतलं, सगळं. मग पदर खोचला. पाटी उचलून चुलीजवळच्या उबेला नेली. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी फाडून पिल्लाचे दोन्ही पाय सैलसे जवळ बांधले, फाकू नयेत म्हणून. बोट बुडवून पाण्याचा थेंब चोचीच्या टोकाला लावला. पिल्लानं तो गिळला.

"उद्या याला तळ्यात सोडते. बदकाचं आहे, पाणी बघून तरतरी येईल," ती म्हणाली.

दारातून बदकीण ओरडली, "एक चूक पुरे झाली, बाई! त्याच्या लवेला अजून तेल नाही. भिजलं तर गारठून जाईल. आधी त्याला कोरड्यावर उभं राहू दे."

ठकूबाई यावर रागावली नाही. तिनं मान डोलावली. शहाणपण तिलाही होतं, थोडं उशिरा सुचायचं इतकंच.

पुढचे दिवस कठीण गेले. पिल्लू खाईना. भुरी कण्या चोचीत धरून त्याच्यासमोर टाकायची, परत उचलायची, परत टाकायची. ते बघत राहायचं. भुरी मानेनं त्याला ढकलून उभं करायची, ते पडायचं, ती परत ढकलायची. पण आपल्या अंगाला टेकवून मात्र ठेवत नसे. ढकललं की बाजूला व्हायची. काळी म्हणायची, "किती गं निष्ठुर!" भुरी म्हणायची, "मला टेकून उभं राहिलं, तर ते उभं राहिलं असं म्हणायचं का?"

रोज सकाळी ठकूबाई आधी चुलीपाशी जाऊन पाटीत डोकावायची. पिल्लू हललेलं दिसलं की मगच चूल पेटवायची.

आणि एका सकाळी तिनं पिल्लाला अंगणात आणून पायांची चिंधी सोडली. पिल्लू खाली बसलं. भुरी त्याच्यापासून दूर जाऊन उभी राहिली आणि तिनं साद दिली. अंड्याच्या आत असताना ऐकलेली तीच साद.

पिल्लू उठलं. डगमगलं. एक पाय पुढे पडला, मग दुसरा. ते अंगणातून चालत गेलं, कोंबड्याच्या पुढ्यातल्या दाण्यांपर्यंत पोहोचलं आणि आपल्या चपट्या चोचीनं त्यानं एक दाणा उचलला. साऱ्या अंगणाचे डोळे आता कोंबड्यावर होते. तो त्या दाण्यांपासून मागे सरला. म्हणाला, "खा."

त्या दिवसापासून अंगणातल्या दोन्ही रिती मोडल्या. आई पाटीतून उठत नाही तोवर मागे राहिलेलं अंडं कुणी मुंगसाला सोडायचं नाही आणि पडलेल्या पिल्लाचा दाणा तोडायचा नाही, असं ठरलं. ठरवलं कोंबड्यानंच.

काळीला मात्र एक गोष्ट छळत होती. भुरीच्या पोटाची पिसं झडली होती, उघडी कातडी दिसत होती. तिच्याकडे बघत काळी म्हणाली, "भुरे, खरं सांग. ते तुझं नव्हतं. तुझ्या जातीचंही नव्हतं. मग एवढं कशासाठी?"

भुरीला बोलायची सवय नव्हती.

"माझ्या पोटाखाली होतं," ती म्हणाली, आणि पिल्लांच्या मागे निघून गेली.

तात्पर्य : पदरात घेतलेला जीव आपला की परका हे विचारू नये, तो आपल्या पायावर उभा राहीपर्यंत आपण जागचं उठू नये.