ज्याच्या हातातलं पाणी सांडलं नाही

गोष्ट लिहून द्या, पोरांना वाचून दाखवते, म्हणून सूनबाई मागे लागली आहे. मला काय दुसरी कामं नाहीत? लिहितो, पण मधे कुणी तोंड घालायचं नाही.

कड्याच्या टोकावर एक गाव होतं. मधावर जगायचं. एक जण दोराला लटकून खाली पोळ्यापाशी जाई, दुसरा वर दोर धरून बसे. खालच्याचा जीव वरच्याच्या मुठीत.

दोर धरणारा म्हातारा वारला, नवा निवडायचा झाला. गावाची रीत अशी, की काठोकाठ भरलेली वाटी तळहातावर घेऊन कड्याशी उभं राहायचं. ज्याचं पाणी सांडणार नाही, त्याला दोर.

दोघे उभे राहिले. एक चिडका, उठल्यापासून भांडणारा. दुसरा गोडबोल्या, गावाचा लाडका. तेवढ्यात एक करडू पाय घसरून कड्यावरून गेलं. बाया किंचाळल्या. चिडका "अरे धरा रे त्याला!" करत धावला, वाटी उपडी. गोडबोल्याने मान वाकवून करडू पार खाली आपटेपर्यंत पाहिलं. थेंब सांडला नाही.

"काय छाती आहे गड्याची!" पाटील म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि हा बघा, करडासाठी रडतोय!" कुणीतरी चिडक्याकडे बोट दाखवलं.

"हसा, हसा मेल्यांनो!" चिडका डोळे पुसत ओरडला.

दुसऱ्या दिवशी मधवाला पोळ्यापाशी उतरला, वर दोर गोडबोल्याच्या हाती. मधाचं मडकं वेगळ्या दोरीने वर आलं. ते हाती येताच गोडबोल्याने मधवाल्याचा दोर सोडून दिला. अगदी सहज. चिडका तिथेच कुरकुरत उभा होता म्हणून बरं. त्याने झेप घालून दोर धरला. तळहातांची सालटी निघाली, पण सोडला नाही. लोकांनी हात लावला, मधवाला कसाबसा वर आला.

"हात निसटला का रे बाबा?" पाटलांनी विचारलं.

"नाही हो, सोडला," गोडबोल्या हसून म्हणाला. "मध आला होता ना वर? मग धरून काय करायचं होतं?"

मधवाल्याची बायको धावत नवऱ्यापाशी गेली. गोडबोल्या बोटाला लागलेला मध चाटत होता.

पाटील म्हणाले, "अरे देवा, ह्यालाच टाळ्या वाजवल्या आपण!"

तात्पर्य लिहावंच लागतं म्हणे, तर घ्या: दुसऱ्याचा जीव जाताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याला शूर म्हणू नका आणि त्याच्या हाती कुणाचा जीव देऊ नका. तोंडाचा फटकळ माणूस तेवढ्यानं वाईट ठरत नाही. मला भांडकुदळ म्हणून भजनी मंडळातून काढणाऱ्यानेही हे वाचावं. सोनबा वाळंज, तुलाच सांगतोय, माझी माफी मागायची तुझी अजून बाकी आहे.